सुकलाल नानांची वाटणी

एका पेरूचे सात सारखे तुकडे करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चार करणं सोपं, आठही जमतात. सात करून बघा एकदा, म्हणजे कळेल. सुरतेच्या गुरांच्या दवाखान्यात मी लॅबच्या खोलीत कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी सुकलाल नाना माझ्या टेबलाशी आले, कागदाच्या कपट्यावर पेरूची एक फोड ठेवली आणि पुढे गेले. बघते तर तशीच फोड साहेबांच्या टेबलावर, तशीच शिपायाच्या हातात, तशीच अंगण झाडणाऱ्या बाईच्या ओंजळीत. कोणाची कणभर मोठी नाही की लहान नाही. मी नवीन, त्यात जिभेला हाड नाही. म्हटलं, नाना, फूटपट्टी लावून कापता काय? ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "नाही ताई, डोळ्यानं. कोणी कोरडं राहायला नको."

हे वाक्य पुढे मी हजारदा ऐकलं. चहा कमी पडला, पाणी घालून वाढवला, कोणी कोरडं राहायला नको. दवाखान्याला नवीन गोणपाटं आली, कापून सगळ्या जनावरांखाली एकेक पट्टी. मला कधीकधी चीड यायची. अहो, एका बैलाला तरी धड बसू द्या की त्याच्यावर. पण नानांपुढे हे बोलायची सोय नव्हती. ते नुसते बघायचे, आणि आपणच मेल्याहून मेल्यासारखे व्हायचो.

दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया-सिरिंजा उकळायच्या, बिथरलेल्या रेड्याचं शिंग धरायचं, ही त्यांची कामं. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण आमच्याकडे कागद गुजरातीत आणि शिव्या मराठीत असाच कारभार होता. नाना साहेबांशी गुजराती बोलत, जनावरांशी अहिराणी, आणि माझ्याशी एकदम पुस्तकी मराठी. मी धुळ्याकडची, वडील रेल्वेत म्हणून सुरतेत वाढलेली, घरी आम्हीही अहिराणीच बोलायचो. तरी मी शिकलेली म्हणून नानांनी माझ्यासाठी वेगळी भाषा राखून ठेवली होती. "शकूताई, आपण भोजन केलेत का?" असं त्यांनी विचारलं की मला हसू आवरायचं नाही.

उंच, सडसडीत, खाकी अर्धी चड्डी, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर. बोटं लांबसडक आणि नखं मुळापर्यंत कापलेली. सुई उकळल्याशिवाय त्यांनी स्वतःच्या बापालाही टोचली नसती. स्टोव्हवर पाणी खळखळायला लागलं की ते शेजारी उभं राहून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि अख्खं एक पान संपल्याशिवाय सुई बाहेर काढत नसत. एकदा साहेब घाईत होते. बाहेर कोणा बड्या माणसाची घोडी थांबली होती. साहेब ओरडले, सुकाभाई, पुरे आता. नानांनी उरलेल्या तीन जाहिराती शांतपणे वाचल्या आणि मगच चिमटा उचलला. साहेब काय करणार, तेही हात टेकून बसले.

उधन्याच्या पलीकडे रुळांच्या मागे, खाडीच्या काठाने खानदेशातून आलेल्या लोकांची वस्ती होती. बाप्ये मिलमध्ये, लूमवर, रेल्वेत, आणि बऱ्याच घरांमागे एकेक म्हैस. दूध मावावाला घेऊन जाई. सुरतेत मिठाईला काय तोटा, मावावाल्याला कितीही दूध कमीच पडायचं. वस्तीत बौद्ध घरं होती, पाटील होते, इतरही होते. नानांची धाकटी बहीण द्वारकाबाई तिथेच राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तिची एक म्हैस होती, चंद्री. चंद्रीच्या दुधावर द्वारकाबाईचं घर चालायचं, बाकी काही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या म्हशीपायी झालं.

म्हशीला दगडी झाली, म्हणजे सड सुजले, कास घट्ट झाली आणि दुधात गाठी यायला लागल्या, की पेनिसिलिन. साहेब वस्तीसाठी आठवड्याला चार-पाच बाटल्या मंजूर करत. खरं तर एका म्हशीचा पुरा इलाज म्हटला तर तेवढ्या सगळ्या तिलाच लागायच्या. आजारी असायच्या पाच-सहा. मग नाना काय करत? तेच, पेरूचं. रविवारी सकाळी सायकलला डबा अडकवून वस्तीत जायचे, बाटलीतल्या भुकटीत उकळून निवलेलं पाणी घालायचे, सिरिंज उजेडाकडे धरून रेघा मोजायचे आणि प्रत्येकीला सारखा वाटा. सूज उतरली, दूध पांढरं दिसलं की त्या म्हशीचं औषध बंद, उरलेलं पुढच्या घरी. वस्तीतले लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे. साहेबांना हे माहीत होतं का? असावं. कोणी विचारलं नाही. मीही नाही. उलट एकदोनदा त्यांच्याबरोबर जाऊन ते वाटप बघितलं तेव्हा मी भारावून गेले होते, खोटं कशाला बोलू.

हा सोस आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुपारची वेळ, दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, आणि मी नेहमीसारखी चेष्टा केली होती. ते हसले नाहीत. पुस्तकी मराठीही त्या दिवशी गळून पडली. म्हणाले, "गावात रास निघो नाहीतर लग्न निघो, आमची वाटणी शेवटी. ती पण उरली तर. माझी माय पदर पसरून उंबऱ्याबाहेर उभी असायची आणि आतून आवाज यायचा, थांब, अजून आमचंच व्हायचंय. धम्म घेतला त्या दिवशी मी मनाशी बोललो, माझ्या हातात वाटायला काही आलं तर शेवटचा माणूस पहिल्याइतकंच घेईल." त्यानंतर पेरूवरून मी कधी बोलले नाही.

सगळं बिनसायला लागलं ते मावावाल्यापासून. वस्तीतलं दूध कढईत फाटायला लागलं. एक दिवस फाटलं, दोन दिवस फाटलं, तिसऱ्या दिवशी त्याने चार घरांच्या बरण्या परत पाठवल्या. ज्या म्हशी बऱ्या झाल्या म्हणून आपण सोडल्या होत्या त्याच पुन्हा पुन्हा आजारी. चंद्री तर वर्षात तिसऱ्यांदा. नानांना वाटलं, आपल्या सुईत दोष आहे. ते वर्तमानपत्राची दोन-दोन पानं वाचायला लागले. मग वाटलं, बायकांच्या हातात दोष आहे. धार काढायच्या आधी हात धुवा, सड पुसा, आजारी म्हैस शेवटी पिळा, असं घरोघर सांगत फिरले.

तिथे आणखी एक अडचण होती. पहिली धार भुईला सोडायची, अशी त्या बायकांची जुनी रीत. गोठ्यात भुईवर ते नासकं दूध सांडायचं आणि त्याच ओल्या भुईवर म्हैस कास टेकून बसायची. नानांनी सांगितलं, भुईला नको, काळ्या फडक्यावर सोडा, गाठी असतील तर दिसतील. द्वारकाबाईने त्यांची भर अंगणात खिल्ली उडवली. ठेंगणी, चपळ बाई, बोलायला लागली की थांबणं नाही. म्हणाली की भावाने देव सोडले तेव्हा मी काही बोलले नाही, आता भुईचं पण तोंडचं काढून फडक्याला पाजायला निघालाय. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नानाही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून पहिली धार काळ्या फडक्यावर काढणारी पहिली बाई द्वारकाबाईच होती. भावाची टिंगल करायचा हक्क तिचा, आणि त्याचं ऐकायचंही तिनेच. इतर कोणी नानांना बोललं तर ती फाडून खायची.

एवढं करूनही आजार हटेना. शेवटी साहेबांनी मला वस्तीतल्या म्हशींच्या दुधाचे नमुने तपासायला सांगितले. आमची तपासणी साधी. रक्त घातलेल्या जेलीच्या थाळीवर दुधातले जंतू पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या आणि थाळी रात्रभर उबेत ठेवून द्यायची. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात, स्वच्छ कडं दिसतं. नसेल पडत तर जंतू टिकलीला खेटून वाढतात. वस्तीच्या थाळ्या सकाळी बाहेर काढल्या आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. पेनिसिलिनच्या टिकलीला कडंच नाही. मला वाटलं टिकल्या शिळ्या असतील. म्हणून कडोदऱ्याकडच्या एका खेड्यातून दूध मागवलं. तिकडच्या म्हशींना औषध फारसं कधी मिळालंच नव्हतं. त्याच टिकल्या, त्याच थाळ्या, आणि तिथे ही मोठाली कडी.

नाना रोज सकाळी दारातून विचारायचे, "कडं पडलं का, शकूताई?" त्या दिवशी मी त्यांना आत बोलावलं आणि दोन्ही थाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मला तेव्हा सत्ताविसावं चालू होतं, आणि आपल्याला सगळं कळतं असा माज. मी धडाधडा बोलत सुटले. थोड्या औषधाने कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात. सूज उतरते म्हणून आपण थांबतो, पण उरलेले पक्केच पुढे वाढतात. मग तेच एका म्हशीचे दुसरीला लागतात, आणि त्यांच्यावर पेनिसिलिन चालत नाही. वस्तीत हे असं झालं असावं, कदाचित आपण अर्धं अर्धं देत आलो त्यामुळे. हे शब्द मी बोलले. "कदाचित" म्हटलं होतं, मला पक्कं आठवतं. पण एकतर ते मी हळू म्हटलं असेल, नाहीतर त्यांनी ऐकलं नसेल.

त्यांनी वस्तीची थाळी उचलली, उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मग मी इतकी वर्षं काय वाटत होतो?"

मी काहीतरी सारवासारव केली. ते थाळी नीट जागेवर ठेवून बाहेर गेले आणि एका बैलाची जखम धुवायला बसले. मी खिडकीतून पाहत होते. धुतलेली जखम ते पुन्हा पुन्हा धुवत होते.

त्याच रविवारी ते वस्तीत गेले आणि घरोघर उभं राहून सांगितलं, माझी चूक झाली, माझ्या वाटपाने औषध निकामी झालं, यापुढे एका म्हशीला पुरं देईन, बाकीच्यांना काहीच देणार नाही. तुम्हाला वाटेल लोकांनी समजून घेतलं असेल. छे! लोक म्हणाले, सुकलालला शिंगं फुटली. म्हणाले, आता साहेबांच्या खुर्चीला चिकटला, गरिबाची म्हैस मेली काय नि जगली काय. जो माणूस चूक कबूल करतो त्याच्यावर लोक जास्त चिडतात, हे मला तेव्हा कळलं. काहींनी औषधाच्या दुकानातून बाटल्या आणल्या आणि स्वतःच अर्ध्या-अर्ध्या करून शेजाऱ्यांना वाटल्या. वाटायचं कसं ते नानांनीच शिकवलं होतं ना.

आणि नेमकी त्याच सुमाराला चंद्री चौथ्यांदा आजारी पडली.

साहेबांनी खटपट करून एक नवं औषध मिळवलं होतं, पिवळ्या रंगाचं. पाच दिवसांचा इलाज, पण एकाच म्हशीला पुरेल एवढंच. वस्तीत त्या आठवड्यात दोन म्हशी आजारी होत्या. एक चंद्री आणि दुसरी तिच्या शेजारच्या मुरलीधर पाटलांची. पाटील लूमवर कामाला, साधा, सरळ माणूस, पण गावाकडे त्यांचा वाडवडिलांपासून मान. नानांच्याच गावाकडचे. नानांनी दोन्ही म्हशींचं दूध माझ्याकडे आणलं. दुसऱ्या दिवशी पिवळ्या औषधाच्या टिकलीला दोन्ही थाळ्यांवर कडं होतं.

"दोन्हीकडे आहे," नाना म्हणाले. "मग कोणाला?"

मी चंद्रीची कास पाहिली होती. चार वेळा सुजून सुजून अर्धी आतून पार कडक झालेली, औषध आत पोचणार कुठून? पाटलांची म्हैस दोन दिवसांचीच आजारी होती, ती वाचण्यासारखी होती. हे मी सांगितलं. साहेबांनीही नंतर तेच सांगितलं, पण आधी मी. नानांनी विचारलं, "आणि निम्मं निम्मं?" मी म्हटलं, मग दोन्ही जातील. चंद्रीची कास अशी का झाली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पाटलांच्या म्हशीला औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी दुधाचा नमुना घ्यायला मी त्यांच्याबरोबर वस्तीत गेले. पाटलांची म्हैस रवंथ करत उभी होती, कास मऊ, काळ्या फडक्यावर दूध स्वच्छ. पाटील मनाने खरंच चांगले. त्यांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं की माझी आता बरी आहे, उरलेलं दोन दिवसांचं तुमच्या बहिणीच्या म्हशीला टोचा, मला काही वाटणार नाही. हे सगळं कुडाच्या पलीकडे द्वारकाबाई ऐकत होती. दोन अंगणांमध्ये कमरेएवढा कूड, त्याच्यावर हात ठेवून ती उभी. तिच्यामागे चंद्री मान खाली घालून. आजाराने तिला उठबस नको झाली होती.

नानांनी सिरिंज भरली. पाटलांच्या म्हशीकडे वळले. पाटील पुन्हा म्हणाले, अहो नाना, काय करता हे? नानांनी मान हलवली आणि टोचलं. बऱ्या झालेल्या, रवंथ करणाऱ्या, डोळे मिटून उभ्या असलेल्या म्हशीला.

द्वारकाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलली.

"गावमा बी पाटीलनंच पहिले व्हतं. आठे सुरतमा बी तेच का, भाऊ?"

नानांच्या हातातली सुई तशीच. त्यांनी बहिणीला समजावलं नाही, थाळी, जंतू, कच्चे-पक्के काही नाही. मला वाटलं मी बोलावं. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान नमुन्याची बाटली उचलली. पाटील तर बिचारे मान खाली घालून घरात गेले. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही नाना गेले, आणि त्या कुडाशेजारी उभं राहून दोन्ही इंजेक्शनं पुरी केली. त्या दोन्ही दिवशी द्वारकाबाई अंगणात आली नाही.

चंद्री महिन्याभरात आटली. दोन सड कायमचे बंद झाले. एका व्यापाऱ्याने तिला दोरीने ओढत नेली, कुठे ते मी विचारलं नाही. द्वारकाबाई पांडेसऱ्याला कपडा रंगवायच्या एका कारखान्यात कामाला लागली. नव्यानेच तिकडे कारखाने उभे राहत होते, बायांना घ्यायचे. मी तिला एकदोनदा रस्त्यात पाहिली, कोपरापर्यंत हात निळे. मला ओळख दाखवायची, नानांचं नाव काढायची नाही. नाना तिच्या दाराशी जात राहिले. ती दार उघडायची, पाट द्यायची, पाणी द्यायची आणि आपल्या कामाला लागायची. एक शब्द नाही. माणसाला शिवी दिलेली परवडते, बाई.

दवाखान्यात पेरू येईनासे झाले. नाना काम चोख करत, पण त्यांच्या हातून वाटायची कुठलीही गोष्ट ते दुसऱ्याकडे सोपवत. चहासुद्धा शिपाई ओतायचा, कोणाला अर्धा, कोणाला पाऊण. एकदा माझ्याच्याने राहवलं नाही. मी साहेबांना गाठून सरळ विचारलं की वस्तीत जे झालं ते नानांच्या अर्ध्या डोसांमुळेच झालं, असं आपण छातीठोक सांगू शकतो का? साहेब म्हणाले की नाही सांगू शकत. दुकानांतून सगळेच बाटल्या घेतात, गवळीही आणि तबेलेवालेही, म्हशी विकल्या-घेतल्या जातात, असा जंतू बाहेरूनही आला असेल. सुकाभाईचा हात त्यात असेलही, नसेलही. मी तडक नानांकडे गेले आणि हे सांगितलं. तेवढंच ओझं हलकं होईल, असं मला वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा पुस्तकी मराठीत म्हणाले, "आपण दयाळू आहात, शकूताई." मला रडूच आलं. इतकी वर्षं झाली, अजूनही तो "कदाचित" मला टोचतो. मोठ्याने म्हणायला काय झालं होतं मला?

पाटलांची म्हैस मात्र पुढे दोन वेळा व्याली. धड दूध देत राहिली.

नाना निवृत्त झाले आणि पांडेसऱ्याच्या बाजूला एका चाळीत खोली घेऊन राहिले. बायको आधीच वारलेली, मुलगा भुसावळला रेल्वेत. त्याने बोलावलं तरी गेले नाहीत. का गेले नाहीत ते उघड होतं, खोलीपासून द्वारकाबाईचा कारखाना पाच मिनिटांवर. शिफ्ट सुटायच्या वेळी ते दारात बसायचे आणि ती समोरून निघून जायची. असं किती वर्षं? पाच तरी, सहा असतील.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते थंडीत. ताप आणि खोकल्याने आठ दिवस पडून आहेत असं कळलं म्हणून दुपारी गेले. दारं-खिडक्या उघड्या, बाजेवर नाना, गळ्याला मफलर, पार वाळून गेलेले. मी आणलेली पेज त्यांनी दोन घोट घेतली. डॉक्टरला दाखवलं का विचारलं तर म्हणाले, साधा ताप आहे, उतरेल. मी त्यांना रागवायच्या तयारीत होते, तेवढ्यात दारात सावली पडली. द्वारकाबाई.

ती आत आली. मला पाहून जराशी थबकली, मग सरळ बाजेशी गेली आणि खाली बसली. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. उजव्या हाताने पदराची गाठ सोडली आणि आतून पाच कॅप्सूल काढल्या, लाल आणि काळ्या. तिच्या हाताला कारखान्यात यंत्राची पट्टी लागली होती, कारखान्याच्या डॉक्टरांनी आठवड्याचं औषध दिलं होतं. तिने दोनच दिवस खाल्लं होतं.

"तुले ताप शे असं समजनं," ती म्हणाली. "मना हात बरा शे आते. ह्या उरेल शेतस, तू घे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलत होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगायला नको. मी लॅबमधली बाई, मी बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिने तांब्यातून पाणी ओतून दिलं आणि नानांनी एक कॅप्सूल तोंडात टाकून गिळली. लहान मुलासारखी, डोळे मिटून.

मग त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला. घेतला तो मायेनेच घेतला असणार. पण फडकं सैल होतं, सरकलं, आणि त्यांची बोटं आपसूक अंगठ्याच्या मुळाशी गेली. मी वळून पाहिलं. हात निळा होता तो रंगाचा, पण त्याखाली लाल, तुकतुकीत, टम्म. नानांनी अंगठ्याने हलकं दाबलं. द्वारकाबाईने ओठ आवळले. नाना आडवे होते ते कोपरावर उठून बसले, धाप लागली तरी. त्यांनी उरलेल्या चार कॅप्सूल गोळा केल्या आणि तिच्या उजव्या मुठीत कोंबल्या, मूठ वरून आपल्या दोन्ही हातांनी बंद केली.

"सगळ्या तू खायच्या," ते म्हणाले. "आजच डॉक्टरकडे जाऊन आणखी मागून घ्यायच्या. यातली एकही कोणाला द्यायची नाही. मलासुद्धा नाही."

द्वारकाबाई हसली. किती वर्षांनी भावाकडे बघून हसली असेल.

"तुले नही देसू, तं कोणले देसू?" असं म्हणाली, आणि चारही कॅप्सूल तिने पुन्हा पदराच्या गाठीत बांधून टाकल्या.